खिडकीची चौकट हीच आपली मर्यादा



चातुर्मास जवळ आला की घराघरांत खिडक्या आठवतात. पावसाआधी गळती थांबवायची, पर्युषणाआधी काचा पुसायच्या. यंदा मला याविषयी जरा कडक बोलायचं आहे. रागवा हवं तर, पण शेवटपर्यंत वाचा.

आपलं गणित उलटं झालं आहे. कडीचा स्क्रू सैल झाला, जाळी फाटली, बिजागरी कुरकुरू लागली की आपण मिस्त्रीला फोन करतो आणि चार दिवस त्याची वाट बघतो. पण काच बाहेरून पुसायची असली, छज्ज्यावरचा कचरा काढायचा असला, बाहेरची फट भरायची असली की मात्र "पाच मिनिटांचं तर काम" म्हणून कामवाल्या मावशींना चौथ्या मजल्यावर बाहेर उभं करतो. एका हातात ग्रिल, दुसऱ्या हातात फडका. कमरेला साधा दोरही नाही.

माझा नियम सोपा आहे. खोलीत जमिनीवर उभं राहून जे होतं, ते आपण करावं. ज्या कामाला अंग चौकटीबाहेर काढावं लागतं किंवा अख्खी काच हलवावी लागते, ते जाणकाराचं काम.

आतलं काम काही कमी नाही. स्लायडिंगच्या ट्रॅकमध्ये धूळ साचते, त्यात मुंग्या आणि कोळी राहतात. आधी पुंजणीने अलगद झाडून घ्या, मगच ओला फडका फिरवा. ट्रॅकमध्ये खोबरेल तेल घालू नका, त्यात धूळ चिकटते आणि मुंग्याही अडकून मरतात. कोरडा सिलिकॉन स्प्रे पुरतो. खालच्या ट्रॅकला पावसाचं पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. ती तुंबली की पाणी घरात येतं. जुन्या टूथब्रशने ती आतून मोकळी करा. गळती थांबेल म्हणून कोणी ती भोकंच बुजवून टाकतात आणि मग जास्त भिजतात. लाकडी खिडकी पावसाळ्यात फुगून घट्ट झाली तर लगेच रंधा मारून घेऊ नका. लाकूड हिवाळ्यात सुकून आकसतं आणि तिथे कायमची फट राहते. एवढं कळलं तर निम्मे फोन वाचतात.

आता दुसरी बाजू. स्लायडिंगचे रोलर झडपेच्या खाली असतात, म्हणून ते बदलायला झडप उचलून बाहेर काढावी लागते. 5 मिलिमीटर जाडीच्या काचेचं वजन एका चौरस मीटरला साडेबारा किलो भरतं. चौकटीचं वजन वेगळंच. ती हातातून निसटली तर खाली कोण चालत असेल, हे आपल्याला वरून दिसत नाही. तडकलेली मोठी काच, गंजून भिंतीतून सुटलेलं ग्रिल, चौकटीच्या कोपऱ्यातून भिंतीत गेलेली भेग, ही सगळी कामं मिस्त्रीची. भेग वाढत असेल तर इंजिनिअरला दाखवा. गंजलेलं लोखंड फुगतं आणि भिंत फोडतं, वरून रंग देऊन ते थांबत नाही. आणि बाहेरच्या भिंतीतून पावसाचं पाणी झिरपत असेल तर महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे त्या दुरुस्तीचा खर्च संस्थेचा असतो. सोसायटीकडे लेखी अर्ज द्या.

मिस्त्री बोलावला म्हणजे आपण सुटलो, असंही नाही. पट्टा आणि दोर आणणार का, हे फोनवरच विचारा. त्यापायी तो चार पैसे जास्त मागेल, ते द्या. "दुसरा कमी घेतो" म्हणून बिनपट्ट्याच्या पोराला बाहेर लटकवणं ही काटकसर नाही. मी कॉमर्स शिकले आहे. वहीच्या एका बाजूला वाचलेले पाचशे रुपये आणि दुसऱ्या बाजूला कोणाच्या तरी घरातला कमावता माणूस, असा हिशोब कुठल्याच वहीत जुळत नाही.

यावर ठरलेली उत्तरं मला माहीत आहेत. "मावशींना सवय आहे." सवयीने पाय घसरायचा थांबत नाही. "आम्ही सांगत नाही, त्या स्वतःच चढतात." मग उतरवा. घर आपलं आहे, नाही म्हणायचा अधिकारही आपलाच आहे. "इतकी वर्षं काही झालं नाही." गॅस चालू ठेवून आपण कधी असं म्हणतो का?

आपण पाणी गाळून पितो, सूर्यास्ताआधी जेवतो, दिव्यावर किडा येऊ नये म्हणून जपतो. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि त्याला अनुमोदन देणं, तिन्हींत दोष लागतो हे आपण लहानपणीच पाठशाळेत शिकलो. मग एका बाईला बाहेर उभं करून आतून "तो कोपरा राहिला" म्हणणं यातल्या कशात बसतं? जयणा मुंगीपुरती आणि माणसाला नाही, असं तर कुठल्याच महाराजसाहेबांनी सांगितलेलं नाही.

यंदा पर्युषणात बाहेरून धूळ बसलेली काच कोणाच्या घरी दिसली तर नाक मुरडू नका. माझ्याकडेही ती दिसेल. पट्टेवाला माणूस मिळेपर्यंत ती तशीच राहणार आहे.