वाळूवरची सम्राज्ञी आणि कराराचा कागद

ऑलिम्पिकमधील तीन सुवर्णपदकांवर समाधान मानून केरी वॉल्श जेनिंग्सला निवृत्त होता आले असते. अथेन्स (२००४), बीजिंग (२००८) आणि लंडन (२०१२) या तीन स्पर्धांत मिळून मिस्टी मेसोबत तिने अवघा एक सेट गमावला. लंडनमध्ये तर ती तिसऱ्या अपत्याच्या वेळी गरोदर होती! २०१६ मध्ये रिओत एप्रिल रॉससह खेळताना उपांत्य फेरीत ब्राझीलच्या जोडीने तिला हरवले. ऑलिम्पिकच्या वाळूवरील हा तिचा पहिलाच पराभव. ब्राँझपदक मात्र तिने मिळवले.

खरा पेच मैदानाबाहेर होता. बीच व्हॉलीबॉलपटूची गुजराण मुख्यत्वे बक्षिसाची रक्कम आणि प्रायोजकांवर चालते. अमेरिकेतील ‘एव्हीपी’ ही व्यावसायिक मालिका २०१० मध्ये हंगाम संपण्यापूर्वीच बंद पडली, तेव्हा हा पाया किती भुसभुशीत आहे ते दिसले. पुढे नव्या मालकीखाली सावरलेल्या याच मालिकेने २०१७ मध्ये खेळाडूंपुढे दीर्घ मुदतीचा करार ठेवला. केरीने त्यावर स्वाक्षरी करण्यास नकार दिला. रॉसने स्वाक्षरी केली आणि जोडी फुटली. रॉसला दोष देणे अन्यायाचे ठरेल. केरीएवढे वलय किती जणींपाशी होते?

पती केसीसह केरीने २०१८ मध्ये ‘पी १४४०’ ही स्वतःची मालिका भरवली; ती टिकली नाही. २०२१ मध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी, ब्रुक स्वेटसह तिची टोकियोची पात्रता हुकली. त्याच टोकियोत रॉसने अॅलिक्स क्लाइनमनसह सुवर्णपदक जिंकले.