आरोग्य सल्ला : धाप लागते, व्यायाम सोडू का?

प्रश्न : मी ४२ वर्षांची गृहिणी आहे. वजन कमी व्हावे म्हणून सकाळी धावायला सुरुवात केली; पण दोन-तीन मिनिटांतच धाप लागते. घरचे म्हणतात, हे वय धावण्याचे नाही. व्यायाम सोडून द्यावा काय?

उत्तर : व्यायाम सोडू नका, वेग कमी करा. श्रम करताना स्नायूंना प्राणवायू अधिक लागतो, म्हणून श्वास वाढतो. सवय नसेल तर दम लवकर लागतो.

सध्या धावणे बंद ठेवून रोज १० मिनिटे भरभर चाला. सुरुवात आणि शेवट सावकाश चालून करा. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे. दर आठवड्याला ५ मिनिटे वाढवलीत, तर महिनाभरात अर्ध्या तासापर्यंत पोहोचाल. आठवड्यातून ५ दिवस एवढे सहज जमू लागले, की अधूनमधून एकेक मिनिट धावून पाहा.

त्याआधी हिमोग्लोबिन मात्र तपासून घ्या. स्त्रियांमध्ये ते १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानतात. त्यामुळेही थोड्या श्रमाने दम लागतो आणि तेव्हा उपचारच हवेत.

पायांवर सूज असेल किंवा आडवे पडताच धाप लागत असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखले, जडपणा वाटला किंवा चक्कर आली, तर मुळीच वेळ दवडू नका.