सव्वा महिन्यानंतरचे गरम ताट

आमच्या इंदुरातील जुन्या मराठी घरांत बाळंतिणीने सव्वा महिना उंबरठा ओलांडू नये अशी रीत होती. ती सर्वस्वी वेडगळ होती असे मी म्हणणार नाही. थकल्या शरीराला विसावा मिळे, तान्ह्या जिवाला गर्दीपासून आडोसा मिळे. पहिले काही आठवडे गर्दी टाळा, असे आजचे डॉक्टरही सांगतात. मात्र त्याच आडोशाच्या नावाखाली दारेखिडक्या लावून शेगडीची धुरी बाळाच्या नाकातोंडात आपणच घालत होतो, हेही विसरून चालणार नाही.

हे आठवण्याचे कारण असे. गेल्या महिन्यात नातीला दीड महिन्याच्या लसी टोचून झाल्या आणि चार-आठ दिवसांनी सूनबाई म्हणाली, "बाबा, एकदा बाहेर जेवायला जाऊ या का? कुणीतरी वाढलेलं गरम जेवावंसं वाटतंय." माझ्या तोंडून लगेच निघाले, "एवढ्या लहान मुलीला घेऊन हॉटेलात?" घरात डिंकाचे लाडू आहेत, आळिवाची खीर आहे, मग हिला उणे काय, असेच मला वाटले. त्यावर माझी पत्नी शांतपणे एवढेच म्हणाली, "लाडू मलाही मिळत होते." मी गप्प झालो.

आम्ही गेलो. सराफ्यात नव्हे, तिथली रात्रीची दाटी आणि कढयांचा धूर तान्ह्याला सोसणारा नव्हे. सायंकाळी सात वाजता, गर्दी होण्यापूर्वी, एका शांत उपाहारगृहात कोपऱ्यातले टेबल धरले. ताटे आली आणि नातीने टाहो फोडला. तिला पाजायला जागा विचारली, तर व्यवस्थापकाने प्रसाधनगृहाकडे बोट दाखविले! जिथे आपण पाण्याचा पेलाही नेणार नाही, तिथे बाळाने जेवावे? सूनबाई मोटारीत जाऊन बसली. परतली तेव्हा तिचे ताट निवून गेले होते.

सार्वजनिक ठिकाणी बाळाला पाजण्यात लाजिरवाणे काही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्येच स्पष्ट केले आहे. उपाहारगृहवाल्यांनी सक्तीची वाट का पाहावी? एक स्वच्छ कोपरा, एक खुर्ची, एक पडदा. याला खर्च तो कितीसा?

परंतु सारा दोष मालकाच्या माथी मारून मी मोकळा होणार नाही. टेबलाशी आम्ही तिघे बसून होतो. तिचे ताट उशिरा मागवावे, हे एकालाही सुचले नाही. उलट ती परतल्यावर रबडीचे बोट नातीच्या जिभेला लावायला मीच निघालो होतो. सहा महिने आईच्या दुधावाचून तिला काही नको, पाणीसुद्धा नको, हे सूनबाईला मला सांगावे लागले.

पुढल्या रविवारी पुन्हा गेलो. या खेपेस सूनबाई आधी जेवली. सावकाश, वाफाळते वरण भातावर घेऊन. तोवर मी नातीला खांद्यावर घेऊन बाहेर ओसरीवर येरझारा घातल्या. परत आलो तेव्हा माझे ताट निवले होते. जुन्या घरांतील पुरुषांनी त्या निवलेल्या ताटाची चव एकदा अवश्य घेऊन पाहावी.