टाचा टेकत नाहीत तेव्हा

वापरलेल्या दुचाकींच्या विक्रीच्या जाहिराती आपण कधी सलग वाचल्या आहेत का? त्यांतील एक प्रकार चटकन लक्षात येतो. गाडी लांबच्या, खडतर प्रवासासाठी बनवलेली, म्हणजे ‘अ‍ॅडव्हेंचर टूरिंग’ जातीची. खरेदीला वर्षही उलटलेले नसते. मीटरवर जेमतेम दोन-तीन हजार किलोमीटर, सोबत सामानाच्या पेट्या आणि जादा दिवे, आणि विक्रीचे कारण ठरलेले : ‘वापर होत नाही’. जिच्यावर बसून लडाख गाठायचे होते, ती लोणावळ्याच्या पुढे गेलेली नसते.

आरोग्याच्या पाक्षिकात मोटारसायकलीच्या खरेदीविक्रीचे काय काम, असे आपल्या मनात येईल. परंतु ‘वापर होत नाही’ या तीन शब्दांमागे पुष्कळदा शरीराची एक तक्रार दडलेली असते, आणि ती घरात कोणापाशी बोललेली नसते.

थोडे आकडे पाहू. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या स्प्लेंडरची सीट जमिनीपासून ७८५ मिलिमीटर उंच असते आणि तिचे वजन सुमारे ११२ किलो. २०१६ साली आलेल्या पहिल्या हिमालयनची सीट ८०० मिलिमीटर होती. २०२३च्या अखेरीस आलेल्या नव्या हिमालयनची ८२५, आणि वजन १९६ किलो. २०२० साली भारतात आलेल्या केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरची सीट तर ८५५ मिलिमीटर. ही उंची केवळ ऐटीसाठी नसते. दगडधोंड्यांवरून जाताना गाडीचे पोट घासू नये, खड्ड्यात चाकाला वरखाली व्हायला पुरेशी जागा मिळावी, यासाठी सारा सांगाडाच उचललेला असतो. मात्र साडेपाच फूट उंचीच्या माणसाचा पाय आतल्या बाजूने मोजला तर साधारण पंचाहत्तर-सत्त्याहत्तर सेंटिमीटर भरतो. गाडी त्याच्या वजनाने थोडी दबते हे खरे. पण सीट रुंदही असते. परिणामी टाचा टेकत नाहीत. माणूस चवड्यांवर, कधी नुसत्या बोटांवर उभा राहतो, आणि त्याच्या मांड्यांमध्ये दोनशे किलोंचा भार असतो.

चालत्या गाडीत याचा त्रास होत नाही. वेग आला की फिरती चाके तोल सांभाळून घेतात. परीक्षा होते ती थांबताना. सिग्नलला, चढावर, पार्किंगमध्ये गाडी मागे ढकलताना, उतरत्या कडेवर पाय टाकायला जावे तर जमीन अपेक्षेपेक्षा चार बोटे खाली असते तेव्हा. गाडी एका मर्यादेपलीकडे कलली की कितीही बळकट माणसाने ती धरून ठेवणे अशक्य असते. तरी हात सोडत नाहीत, कारण गाडी नवी आणि महाग असते. या हट्टापायीच गुडघा पिळवटतो, घोटा मुरगळतो, कंबरेत चमक भरते. म्हणून वाचकहो, ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : उभी गाडी पडू लागली तर पाय बाजूला घ्या आणि तिला पडू द्या. गार्ड नवा मिळतो.

पडलेली गाडी उचलण्याचीही रीत आहे. इंजिन बंद करावे, गाडी गिअरमध्ये ठेवावी. ती उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवावा, म्हणजे उभी होताच पलीकडे कोसळणार नाही. मग गाडीकडे पाठ करून पार्श्वभाग सीटच्या कडेला टेकवावा, एका हाताने हँडल व दुसऱ्याने मागची पक्की दांडी धरावी, पाठ ताठ ठेवून मांड्यांच्या जोरावर लहान पावलांनी मागे सरकत जावे. वाकून, हातांनी ओढून उचलणे हे कंबरदुखीला निमंत्रण होय. आधीच मणक्याचा त्रास असेल त्याने दुसऱ्याची मदत घ्यावी. त्यात कमीपणा नाही.

अशी गाडी दोनदा आडवी झाली की भीती अंगात शिरते. ती मनात जाणवत नाही, खांद्यांत जाणवते. चालक हँडल घट्ट आवळून धरतो, मनगटे वाकतात, इंजिनाची थरथर तळव्यात उतरते आणि तासाभरात करंगळी किंवा अंगठ्याकडची बोटे बधिर होतात. गाडीवरून उतरल्यावरही ही बधिरता टिकत असेल, रात्री मुंग्यांनी जाग येत असेल, तर नस दबली असण्याची शक्यता असते, डॉक्टरांना दाखवावे. शहरातील वाहतुकीत इंजिनाची धग मांडीला लागते ती वेगळीच. पुढे मन सबबी शोधू लागते. आज पाऊस आहे, आज उशीर झाला, स्कूटरनेच जाऊ. गाडीवर आच्छादन चढते, हप्ता चालू राहतो, आणि त्यावरून घरात जी धुसफूस होते तिचे वर्णन करायला नको.

येथे घरच्यांना एक विनंती. ‘एवढे पैसे घातलेस, आता चालव तरी’ असे म्हणू नका. पैसे गेले म्हणून घाबरलेल्या माणसाने अवजड गाडी रेटणे धोक्याचे आहे. काही उपाय जरूर आहेत. सीट कमी उंचीची घेता येते, पण मग गुडघे अधिक दुमडतात. सस्पेन्शन खाली आणता येते, पण मग गाडी दगडांना घासते आणि साइड स्टँडही लांब पडतो. मोकळ्या मैदानात संथ गतीचा सराव केला तर पुष्कळांची भीती जाते. महिना-दोन महिन्यांत ती गेली नाही, तर गाडी विकणे हा शहाणपणाचा निर्णय आहे, आणि त्याची लाज वाटण्याचे कारण नाही.

लडाखचे काय? लेहमध्ये अशा गाड्या भाड्याने मिळतात. आठ दिवसांच्या स्वप्नासाठी वर्षाचे तीनशे सत्तावन्न दिवस भार सांभाळावा का, हे ज्याने त्याने ठरवावे. मात्र तेथे विमानाने उतरलात तर आधी दोन दिवस विश्रांती घ्या. लेहच साडेतीन हजार मीटरवर आहे आणि खारदुंगला पाच हजार तीनशेच्याही वर. विरळ हवेत डोके जड झाले, मळमळ सुरू झाली, तर त्या अवस्थेत आणखी वर चढू नये.

ज्यांची खरेदी अजून व्हायची आहे, त्यांनी दुकानात पाच मिनिटांच्या फेरीवर भागवू नये. रोजची पादत्राणे घालून बसावे, गाडी दहा पावले मागे ढकलून पाहावी. जमल्यास तशीच गाडी दोन दिवस भाड्याने घेऊन एकदा ऑफिसला आणि एकदा भाजीला जावे. मागे जी व्यक्ती बसणार, पत्नी असो वा आई, तिलाही सोबत न्यावे. मागची सीट पुढच्यापेक्षा उंच असते. तिला रोजच्या पोशाखात तीनदा चढू द्या, तीनदा उतरू द्या, आणि गुडघ्याला हात लावून ती काय म्हणते ते ऐकल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नका.