विंचू चावल्यावर जास्त दुखतंय की घाम फुटलाय? धोक्याची खूण आपण उलटी वाचतो

पावसाळ्याच्या तोंडावर गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. चपलेत, मोरीत नाहीतर गादीखाली सापडलेला विंचू. खाली सल्ल्यांची रांग लागते. कुणी सांगतं कांदा चोळा, कुणी म्हणतं वर घट्ट दोरी बांधा, कुणी विंचू उतरवणाऱ्याचा नंबर टाकतं. आणि एक वाक्य फिरून फिरून येतं, 'फार दुखत नसेल तर काळजी नको.'

घोळ नेमका याच वाक्यात आहे.

महाराष्ट्रात जीव घेणारा विंचू म्हणजे लाल विंचू. त्याचं विष अंगात भिनतं तेव्हा अनेकदा चावल्या जागी फारसं दुखत नाही. उलट जो पेशंट वेदनेने ओरडत असतो, तो बहुतेक वेळा वाचणारा असतो. ही गोष्ट जगाला कळली ती रायगड जिल्ह्यात महाडच्या आसपास काम करणाऱ्या एका सरकारी डॉक्टरमुळे. ते प्रकरण काय आहे, ते नीट समजून घेऊ.

विंचू घरात येतो कशाला?

तुम्हाला चावायला नक्कीच नाही. विंचवाला अंधार, आडोसा आणि खाणं हवं असतं. दिवसा तो फटीत दबा धरून बसतो आणि रात्री बाहेर पडतो. झुरळं, कोळी, बारीकसारीक किडे हे त्याचं जेवण. म्हणजे ज्या घरात झुरळं जास्त, तिथे विंचवाची पंगत तयारच असते.

कोकणातल्या घरांत तर त्याला जागाच जागा. जांभ्या दगडाच्या भिंतीतल्या फटी, परसात रचून ठेवलेले चिरे, जुनी कौलं, लाकूडफाटा, शेणी, पेंढा. उन्हाळ्यात जमीन तापली की तो गारव्याला बाहेर येतो, आणि पाऊस सुरू होऊन बिळात पाणी शिरलं की कोरडी जागा शोधतो. त्यामुळे एप्रिल ते जून या काळात विंचूदंशाचे पेशंट वाढतात. भात कापणी आणि झोडणीच्या दिवसांत पेंढ्यात हात घालावा लागतो, तेव्हा पुन्हा एकदा.

'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण तर सगळ्यांना माहीत आहे. ती अक्षरशः खरी आहे. विंचवीण अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देते आणि ती पहिली कात टाकेपर्यंत त्यांना पाठीवर घेऊन फिरते. ती दिसली तर चपलेने रट्टा मारू नका, पिल्लं चारी दिशांना पांगतात.

मोठा काळा की छोटा लाल?

इंगळी म्हणजे मोठा काळा विंचू. दिसायला भीतीदायक, जाडजूड पंजे, चावला की कळ डोक्यात जाते. म्हणून लोक तिला जास्त घाबरतात. पण तिच्या डंखाने सहसा जिवाला धोका होत नाही.

लाल विंचू तुलनेने लहान. रंग तांबूस किंवा पिवळसर तपकिरी, पंजे बारीक, शेपूट मात्र जाड. साधा हिशोब असा की ज्याचे पंजे दणकट, तो भक्ष्य पंजांनी चिरडतो. ज्याचे पंजे नाजूक, त्याची सगळी भिस्त नांगीतल्या विषावर. हा नियम शंभर टक्के लागू होत नाही, त्यामुळे रंग आणि पंजे बघून घरच्या घरी निकाल लावू नका. पण 'बारका होता, काही होत नाही' असं म्हणणं बंद करायला एवढं पुरेसं आहे.

लाल विंचू कोकणाबरोबरच मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्रातही आढळतो.

विष अंगात काय करतं?

आपल्या नसांमधून संदेश जातो तो सोडियमच्या सूक्ष्म दारांमधून. दार उघडतं, संदेश जातो, दार बंद होतं. लाल विंचवाचं विष ही दारं उघडी ठेवतं. नसा थांबायचं नाव घेत नाहीत आणि शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या रसायनांचा पूर येतो.

मग दरदरून घाम फुटतो. उलट्या होतात, तोंडाला लाळ सुटते, हातपाय बर्फासारखे गार पडतात. मुलग्यांमध्ये आणि पुरुषांमध्ये लिंगाला ताठरता येते. ही खूण सांगायला घरचे लाजतात, पण डॉक्टरांसाठी ती फार महत्त्वाची असते. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हृदयाला त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. शेवटी हृदय थकतं आणि फुफ्फुसात पाणी भरतं. खोकला, धाप, तोंडातून गुलाबीसर फेस. लहान मुलांमध्ये हा प्रवास काही तासांत होतो.

महाडच्या डॉक्टरांनी काय केलं?

डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले. १९७० च्या दशकात ते रायगड जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा तिथे विंचू चावलेले पेशंट येत होते आणि धडधाकट माणसं, लहान मुलं डोळ्यांदेखत दगावत होती. ॲट्रोपीन, स्टिरॉइड असे उपाय व्हायचे, पण पेशंट हाती लागत नव्हता.

बावस्करांनी पेशंटजवळ बसून नोंदी ठेवायला सुरुवात केली. घाम कधी आला, उलटी कधी झाली, रक्तदाब किती, नाडी किती. या निरीक्षणांवरचा त्यांचा लेख १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. हृदयाचा धोका आधीच ओळखून देणारी लक्षणं कोणती, हा त्याचा विषय होता.

पुढचा टप्पा औषधाचा. प्रॅझोसिन नावाची गोळी तेव्हा रक्तदाबासाठी वापरली जायची. आवळलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते. विंचवाचं विष जे करतं, त्याच्या बरोबर उलट. बावस्करांनी ती विंचूदंशाच्या पेशंटना द्यायला सुरुवात केली आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी प्रमोदिनी बावस्कर यांच्यासोबतचा त्यावरचा लेख १९८६ मध्ये पुन्हा 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यांच्या नोंदींनुसार गंभीर पेशंटमधलं मृत्यूचं प्रमाण आधी ३० ते ४० टक्क्यांच्या घरात होतं. गोळी वेळेत मिळू लागल्यावर ते १ टक्क्यापर्यंत खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

आता सुरुवातीच्या मुद्द्याकडे येऊ. याच नोंदींमधून दुखण्याचं कोडंही सुटलं. ज्यांना फक्त असह्य कळा येत होत्या, त्यांचं हृदय बहुतेक वेळा सुरक्षित होतं. ज्यांना घाम आणि उलट्या सुरू होत्या, ते दुखण्याबद्दल फारसं बोलतच नव्हते. आणि उपचारानंतर चावल्या जागी पुन्हा दुखायला लागलं, तर ती पेशंट सावरत असल्याची खूण होती.

मग मंत्राने विंचू उतरतो तो कसा?

विंचूदंशाच्या बऱ्याच घटनांमध्ये विष अंगभर पसरतच नाही. कळा येतात आणि काही तासांनी आपोआप ओसरतात. या वेळात मंत्र म्हटला, पाला चोळला किंवा नुसतं बसून राहिलं, तरी कळ कमी होणारच. श्रेय मात्र समोर बसलेल्याला मिळतं.

खरी अडचण पुढे आहे. विष पसरलं असेल तर चावल्या जागचं दुखणं कमीच असतं. मांत्रिक म्हणतो, 'उतरला.' घरचे सुटकेचा श्वास सोडतात. पोराला घाम येतोय तो भीतीने, असं समजून त्याला पांघरूण घालून झोपवतात. दवाखाना गाठायचे दोन-तीन तास इथेच जातात. मंत्राने कुणी मरत नाही, पण त्या तासांनी मरतं.

गोळी की इंजेक्शन?

विंचवाच्या विषावर प्रतिविषाचं इंजेक्शनही आहे. मुंबईच्या हाफकिनमध्ये ते तयार होतं. बावस्करांनी ७० पेशंटवर केलेली चाचणी २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. फक्त गोळी मिळालेल्यांना सावरायला सरासरी साधारण १८ तास लागले. गोळी आणि प्रतिविष दोन्ही मिळालेले सरासरी ८ तासांत सावरले.

म्हणजे दोन्ही मिळालं तर उत्तम. पण गोळी स्वस्त आहे, तिला फ्रिज लागत नाही आणि ती लहान आरोग्य केंद्रातही ठेवता येते. मात्र ती स्वतःच्या मनाने घरी द्यायची नाही. तिने रक्तदाब झपकन उतरू शकतो, त्यामुळे डोस डॉक्टरच ठरवतात आणि पेशंटला झोपवून लक्ष ठेवतात.

गोम, पाल आणि मण्यार

दुखण्यावरून धोका मोजायची सवय इतर ठिकाणीही फसवते. गोम चावली की आग होते, सूज येते, माणूस कळवळतो. पण जिवावर बेतणं फार दुर्मिळ. पाल तर विषारी नसतेच.

आणि मण्यार? हा साप रात्री घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दातांची खूण जेमतेम, दुखणं जवळपास नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, मग श्वास अडतो. त्यामुळे रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला अशी लक्षणं दिसली, तर चावल्याची खूण शोधत बसू नका. थेट हॉस्पिटल गाठा.

विंचू चावला तर काय करायचं?

- पेशंटला शांत बसवा किंवा झोपवा. चावल्या जागी कापडात गुंडाळून बर्फ लावा.
- दोरी बांधू नका, ब्लेड मारू नका, रक्त चोखू नका. रॉकेल, चुना, मिरची काही लावू नका.
- चावल्याची वेळ लक्षात ठेवा किंवा मोबाईलमध्ये लिहा. डॉक्टर ती विचारतात.
- विंचू पकडायच्या फंदात पडू नका. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाही मिळाला तरी उपचार अडत नाहीत.
- घाम, उलटी, लाळ, गार हातपाय, धाप यातलं काहीही दिसलं तर एक मिनिटही थांबू नका. १०८ वर फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा.
- लहान मूल असेल तर लक्षणांची वाटच बघू नका. निघताना दवाखान्यात फोन करून औषध आहे का ते विचारा.

आणि चावूच नये म्हणून? चपला-बूट झटकून घाला. अंथरूण झटका, खाट भिंतीपासून लांब ठेवा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. मोरीच्या तोंडाला जाळी लावा, भिंतीच्या फटी बुजवा, लाकूडफाटा घरापासून लांब रचा. अतिनील प्रकाशाचा टॉर्च मिळाला तर रात्री परसात मारून बघा. त्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो आणि लांबूनच दिसतो.

आता प्रश्न कुठे अडतो?

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार लोक गेले, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यानंतर २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्मे करण्यासाठी राष्ट्रीय आराखडा आणला. त्याच वर्षी सर्पदंशाची प्रत्येक केस नोंदवणं बंधनकारक करा, असं राज्यांना कळवलं. विंचूदंशाला मात्र असा स्वतंत्र आराखडा मिळालेला नाही.

जगभरात दरवर्षी सुमारे १२ लाख लोकांना विंचू चावतो आणि तीन हजारांहून जास्त जीव जातात, असा २००८ चा एक अंदाज सांगतो. आकडा सापांपेक्षा खूप लहान आहे. पण इथे औषध सापडलेलं आहे, ते स्वस्त आहे आणि ते आपल्याच राज्यातल्या ग्रामीण दवाखान्यात सिद्ध झालं आहे. उरतं ते दोनच गोष्टींवर. प्रत्येक आरोग्य केंद्रात गोळी शिल्लक असणं आणि पेशंट तिथे वेळेत पोहोचणं.

पहिली गोष्ट सरकारने बघायची. तुमच्या गावच्या केंद्रात विंचवाचं औषध आहे का, हे पावसाळ्याआधी ग्रामसभेत विचारता येतं. दुसरी गोष्ट आपल्या हातात आहे. पुढच्या वेळी ग्रुपवर विंचवाचा फोटो आला की 'दुखतंय का?' विचारू नका. 'घाम येतोय का?' विचारा.