ओसरीवरून : जुन्या संगणकाचा जीर्णोद्धार

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा खटला उभा राहिला. वादी आमचा नातू, वय वर्षें सोळा. प्रतिवादी त्याचा संगणक, जन्म सन 2017. आणि न्यायासनावर मंडळींनीं मला बसविलें, कारण दंडाची रक्कम माझ्याच पेन्शनींतून जावयाची होती. दहावीची परीक्षा उत्तम रीतीनें पार पाडल्यास तीस हजार रुपये देईन, असें वचन मी देऊन चुकलों होतों. त्या रकमेचें काय करावयाचें हें वचन घेतांना चिरंजीवांनीं सांगितलें नव्हतें. निकाल लागल्यावर सांगितलें. संगणकावरील खेळ अडखळत चालतात, सबब नवें ग्राफिक्स कार्ड पाहिजे!

ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात तेथें कोणताही खर्च एकट्याचा नसतो. थोरली सून म्हणाली, "मामंजी, त्याच यंत्रावर मी बँकेचे व्यवहार आणि सोसायटीचा हिशेब करतें. तें सुरू व्हावयासच पांच मिनिटें लागतात. कार्डानें तें लवकर सुरू होणार आहे काय?" धाकट्या बंधूंनीं सारें यंत्रच मोडींत घालण्याचा सल्ला दिला. आणि आमच्या घरांतून तर सरळ प्रश्न आला, "खेळावर तीस हजार? अहो, जन्मभर लोकांच्या मुलांना अभ्यासाचें सांगत आलांत ना?"

खरें सांगावयाचें तर माझेंही मत फारसें निराळें नव्हतें. परंतु वचन मोडून केलेला उपदेश मुलांच्या कानांत शिरत नाहीं, हें मास्तरकींत मीं पुष्कळदां अनुभविलें आहे. पैसे द्यावयाचेच होते. ते कोठें लागावे एवढाच प्रश्न होता.

आणि या प्रश्नावर अधिकारानें बोलण्यास मला थोडा संकोचही होता. 2021 सालीं मुलांची शाळा घरांतच भरत असे. तेव्हां याच यंत्राची रॅम, म्हणजे काम चालूं असतांना वापरावयाची स्मृति, अपुरी पडते असें कोणीसें म्हणालें. मीं कोणास न विचारतां, यंत्राची पेटी न उघडतां, एक पट्टी विकत आणिली. ती निघाली डीडीआर-3 जातीची. यंत्राला पाहिजे होती डीडीआर-4. एकीला 240 टोकें, दुसरीला 288. मधली खांचही निराळ्या जागीं. ती बसेना, आणि दुकानदार परत घेईना. दोष दुकानदाराचा नव्हता, माझ्या उतावळेपणाचा होता. ती पट्टी अजून माझ्या मेजाच्या खणांत पडून आहे.

याच चुकीचा मोठा दाखला अंधेरीकरांस दूर शोधावयास नको. आमचा गोपाळ कृष्ण गोखले पूल नोव्हेंबर 2022 मध्यें वाहतुकीस बंद झाला, पाडून नव्यानें बांधला गेला, आणि 26 फेब्रुवारी 2024 रोजीं त्याची एक बाजू खुली झाली. पूल नवा, भक्कम, उंच. परंतु पश्चिमेकडील जुना बर्फीवाला उड्डाणपूल त्याच्यापेक्षां सुमारें दीड-दोन मीटर खालीं राहिला! जुन्या पुलाचें टोक जॅक लावून वर उचलावें लागलें, तेव्हां कोठें जुलै 2024 मध्यें दोहोंची गांठ पडली. एक भाग उत्तम केला म्हणून सारा मार्ग उत्तम होत नाहीं. तो शेजारच्या भागाशीं जुळला पाहिजे. रात्रीच्या बैठकींत मीं हा दाखला दिला, तेव्हां नातू प्रथमच गप्प राहून ऐकूं लागला. कारण त्या दिवसांत शाळेला जातांना लांबचा वळसा त्यालाही पडला होता.

वैद्य नाडी पाहिल्यावांचून मात्रा देत नाहीं. आमच्या जुन्या न्यायशास्त्रांत कारण ओळखण्याची रीत आहे, तिला अन्वय-व्यतिरेक म्हणतात: कारण असेल तेथें कार्य दिसावें, आणि कारण दूर करतांच कार्य नाहींसें व्हावें. मीं नातवाला शंभर पानी वही दिली आणि सांगितलें कीं, आठ दिवस खुशाल खेळ. मात्र प्रत्येक वेळीं यंत्राचा कोणता भाग किती राबतो हें टास्क मॅनेजरमध्यें पाहून लिहून ठेव. नंतर पडद्यावरील चित्राचें रेझोल्यूशन उतरवून तोच खेळ पुन्हां खेळ. गति वाढली तर अडथळा ग्राफिक्स कार्डाचा, कारण चित्रें रंगविणें हें त्याचें काम. गति होती तेवढीच राहिली तर कार्ड निर्दोष. त्याला काम पुरविणारा प्रोसेसर थकला आहे असें समजावें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, हा नियम.

वही मीं तांबड्या शाईनें तपासली. व्हॅलोरंट नांवाचा 2020 सालचा खेळ तो मित्रांबरोबर रोज खेळतो. त्यांत चार कोअरचा आय-5-7400 प्रोसेसर शंभर टक्के राबत होता, आणि ज्याला बदलावयाचें तें जीटीएक्स 1050 टीआय कार्ड साठ टक्क्यांच्या आसपास निवांत बसलें होतें. रेझोल्यूशन उतरविलें तरी गति वाढली नाहीं. रेड डेड रिडेम्प्शन 2 या चित्रमय खेळांत मात्र नेमकें उलट: कार्ड शंभर टक्के, आणि रेझोल्यूशन उतरवितांच गति वाढली. रॅम 8 जीबी. खेळाबरोबर ब्राउझर उघडला कीं ती नव्वद टक्के भरून जाई. आणि सूनबाईंचीं पांच मिनिटें? तीं जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमध्यें जात होतीं. "संगणक मंद आहे" हें वाक्य "प्रकृति बरी नाहीं" या वाक्यासारखें आहे; त्यावरून औषध ठरत नाहीं.

वहींत आणखी एक आंकडा होता. खेळतांना प्रोसेसर 90 अंशांच्या पुढें तापत होता, आणि अति तापलेला प्रोसेसर स्वतःच्या रक्षणासाठीं आपण होऊन वेग कमी करतो. पेटी उघडली तों पंख्यांत धुळीचा थर! अंधेरींत जिकडे तिकडे इमारतींची पुनर्बांधणी चालूं आहे. तिचा प्रसाद यंत्रालाही मिळाला होता. धूळ काढिली, प्रोसेसरावरील वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लाविली, आणि उष्णता 70 अंशांच्या आसपास आली. अडखळणें निम्मे कमी झालें. हा उपाय कांहीं शें रुपयांत होतो. म्हणून तो नेहमीं पहिला करावा.

आतां उरलेला रोग. प्रोसेसर तेवढा बदलावा, असें प्रथम वाटलें. परंतु येथें पुन्हां गोखले पूल आडवा आला. इंटेलच्या आठव्या पिढीचे प्रोसेसर त्याच 1151 टोकांच्या बैठकीचे असूनही आमच्या मदरबोर्डावर चालत नाहींत. त्याला सहावी आणि सातवी पिढीच मान्य. म्हणजे पुढें जावयाचें तर प्रोसेसर व मदरबोर्ड हें जोडपें एकत्रच बदलावें लागतें. शिवाय विंडोज 10 ची नेहमींची सुरक्षेची डागडुजी 14 ऑक्टोबर 2025 रोजीं थांबली, आणि विंडोज 11 साठीं मान्य केलेल्या प्रोसेसरांच्या यादींत आमचा आय-5-7400 नाहीं. ज्या यंत्रावर घरची बँक चालते, त्याच्या दाराची कडी दुरुस्त करणारा कोणी नसावा, हें गृहस्थाला शोभत नाहीं. नातवाचा खेळ आणि सूनबाईंचा हिशेब या दोहोंनींही एकाच भागाकडे बोट दाखविलें, तेव्हां माझें मन निश्चित झालें.

कार्डाचा विचार अगदींच सोडला असें नाहीं. जुनें कार्ड 75 वॅट वीज घेतें आणि ती मदरबोर्डावरूनच मिळते. आरटीएक्स 3060 सारखें कार्ड 170 वॅट मागतें. त्याला निराळी तार आणि 550 वॅटचा पॉवर सप्लाय सुचविलेला आहे. आमचा 450 चा. म्हणजे कार्डाबरोबर तोही आलाच, आणि इतकें करून रोजच्या खेळांत लाभ जवळ जवळ शून्य!

शेवटीं निवड झाली ती सहा कोअरच्या, 65 वॅटच्या रायझन 5 5600 ची, त्याला साजेशा मदरबोर्डाची आणि 500 जीबी एसएसडीची. याहून नवे प्रोसेसर बाजारांत आहेत. परंतु त्यांतील पुष्कळांना डीडीआर-5 रॅम लागते, आणि 2025 च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव कडाडले. या जोडीवर आमची जुनी डीडीआर-4 पट्टी चालते. दुसरी पट्टी पुतण्याच्या बंद पडलेल्या संगणकांत सांपडली. सारख्या दोन पट्ट्या असल्या म्हणजे स्मृतीची वाहतूक दोन मार्गांनीं होते. या वेळीं नातवानें माझ्या खणांतील डीडीआर-3 पट्टी काढून दोन्ही शेजारीं धरल्या, खांच पाहिली, आणि म्हणाला, "आजोबा, ही चूक जपून ठेविलीत तें बरें केलेंत."

शनिवारीं आम्ही दोघे धीम्या लोकलनें ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलों. त्याचें खरें नांव डॉ. भडकमकर मार्ग. तीन दुकानांतून लेखी भाव घेतले. मदरबोर्डावरील बायोस या प्रोसेसराला ओळखण्याइतकी नवी आहे काय, हें विचारून घेतलें, आणि वॉरंटीचा उल्लेख असलेली पावती मागितली. हीं तिन्ही कामें नातवानें केलीं. मी पिशवी धरून उभा होतों.

आतां यंत्र अर्ध्या मिनिटाच्या आंत सुरू होतें. सूनबाई विंडोज 11 वर हिशेब करतात. व्हॅलोरंटमध्यें गर्दीच्या वेळीं साठावरून तिसावर घसरणारी चित्रांची गति साठावर स्थिर राहते. आमचा पडदाही सेकंदाला साठच चित्रें दाखवितो. रेड डेड मात्र पूर्वींसारखाच जड चालतो. उरलेली थोडी रक्कम मीं नातवापुढें ठेविली, तेव्हां त्यानें ती परत केली आणि वहींत लिहिलें: "ग्राफिक्स कार्ड, पुढील वर्षीं, पॉवर सप्लायसह."

माझेंही एक मत या प्रकरणांत बदललें. खेळामुळें मुलाचा वेळ फुकट जातो असें मी म्हणत आलों होतों, आणि कांहीं अंशीं तें आजही म्हणतों. परंतु कोणीं धाक न घालतां, रोज तारीख घालून, खाडाखोड न करतां त्यानें आठ दिवस निरीक्षणें लिहिलीं, तीं खेळासाठींच. आमच्या घरांतून वही पाहून उद्गार निघाला, "अक्षर सुधारलें आहे हो याचें!"

वाचकहो, आपल्या घरीं असा खटला उभा असेल तर आधीं धूळ झाडावी, मग आठ दिवस वही लिहावी, पेटी उघडून काय बसतें तें पहावें, आणि पाकीट सर्वांच्या शेवटीं उघडावें. आमची वही नातवानें जपून ठेविली आहे. तिचीं ब्याण्णव पानें अजून कोरीं आहेत.