ऑइल बदला घरी, पण विहीर सांभाळा



आमच्या मालवण किनाऱ्यावरील वाड्यांमध्ये आता बहुतेक खळ्यांत एखादी दुचाकी उभी दिसते. कोणी तिच्यावरून मासळीची टोपली नेतो, कोणी कुडाळच्या एमआयडीसीत पाळीला जातो, एखादी भगिनी मुलांना शाळेत सोडून तशीच पुढे कामावर जाते. हप्ते फेडून घेतलेली ही गाडी म्हणजे घरातले एक कमावते माणूसच. तिचे इंजिन ऑइल बदलण्याचे काम घरच्या घरी होण्यासारखे आहे. मुलगा असो वा मुलगी, एकदा नीट दाखवले की जमते. म्हणून या वेळी तेच सांगायचे ठरवले. मात्र या कामात आमच्या हातून एकदा मोठी चूक घडली. तीही आम्ही लपवणार नाही.

प्रथम ऑइल कोणते ते पाहा. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत ऑइलचा प्रकार, माप आणि किती किलोमीटरला बदलायचे, हे तिन्ही छापलेले असते. १०० सीसीच्या गाड्यांना साधारण एक लिटर किंवा त्याहून थोडे कमी लागते. गिअरच्या मोटरसायकलसाठी डब्यावर ‘एमए’ किंवा ‘एमए२’ अशी खूण हवी. या गाड्यांचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो. स्वस्त मिळाले म्हणून मोटारीचे ऑइल ओतले तर क्लच घसरू लागतो, आणि वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट खर्च होतो. बिनगिअरच्या स्कूटरला ‘एमबी’ खुणेचे ऑइल चालते. तिचे गिअर ऑइल वेगळे असते व त्याचा बोल्टही वेगळा. चुकून तो सोडू नये.

आता कृती. गाडी दोन-तीन मिनिटे चालू ठेवून बंद करावी. कोमट ऑइल पातळ होते व तळाचा गाळ घेऊन बाहेर पडते. गाडी फार तापली असेल तर थांबावे, हात भाजतो. सपाट जागी गाडी मधल्या स्टँडवर उभी करावी. खाली जुने वर्तमानपत्र व त्यावर पसरट टब ठेवावा. हा टब पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. वरचे ऑइलचे झाकण सैल करावे आणि इंजिनाच्या तळाचा बोल्ट योग्य मापाच्या पान्याने सोडावा. पुष्कळ १०० सीसी गाड्यांना १७ नंबरचा पाना लागतो. खाऱ्या वाऱ्याने बोल्ट गंजून बसला असेल तर आधी फडक्याने पुसावा आणि थोडे डिझेल लावून वाट पाहावी. हातोडी मारू नये.

दहा-पंधरा मिनिटांत ऑइल निथळते. ते टाकण्याआधी नीट पाहा. काळे असेल तर चिंता नाही, त्याने काम केले इतकेच. दुधाच्या चहासारखे दिसले तर आत पाणी गेले असे समजा. पावसाळ्यात व्हाळाच्या पाण्यातून गाडी घातली की असे होऊ शकते. लोखंडाचा चुरा चमकला तर मात्र मेकॅनिकला दाखवा.

बोल्ट पुसून, त्याचा वॉशर तपासून, तो आधी हातानेच फिरवून बसवावा. शेवटी पान्याने घट्ट करावा, पण जोर दाखवू नये. इंजिनाचा तळ ॲल्युमिनियमचा असतो, त्याचे आटे गेले की खर्च वाढतो. फिल्टर वेगळा असेल तर पुस्तिकेप्रमाणे तोही बदलावा. नरसाळ्याने नवे ऑइल ओतावे, गाडी दोन मिनिटे चालू करावी, बंद करून थोडे थांबावे आणि पट्टी घालून पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का ते पाहावे. कमी वाईट, तसे जास्तही वाईट.

इथवर काम अर्धे झाले. उरलेले अर्धे आम्ही त्या वेळी केले नव्हते.

मे महिना होता. टबातले काळे ऑइल आम्ही घरामागच्या पाणंदीत ओतले आणि वर माती ढकलली. मातीत जिरले, संपले, असे वाटले. मृगाचा पाऊस झोडपून आला. पाणंद भरली, आणि विहिरीचा कठडा ज्या बाजूने फुटला होता तिथून पाणी आत शिरले. दुसऱ्या सकाळी शेजारची काकी कळशी घेऊन आमच्या दारात उभी. “बावीच्या पाण्याक वास कसलो येता रे?” कळशीत इंद्रधनुष्याच्या रंगाचा तवंग तरंगत होता.

ती विहीर आमच्या आज्यांनी स्वतः खणलेली. गावच्या विहिरीवर त्यांना पाणी भरू देत नव्हते, म्हणून दिवसभर मजुरी करून रात्री कंदिलाच्या उजेडात त्यांनी जांभा फोडला. दुसऱ्यांनी नाकारलेले पाणी त्यांनी आमच्यासाठी मिळवले. ते आम्ही एका लिटर घाणीने नासवले. पाणी उपसले, कठडा बांधला, पंधरा दिवस तीन घरांनी लांबून पाणी आणले. काकी एका शब्दाने बोलली नाही. तेच जास्त लागले.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे सांगणे आहे की मोटारीच्या एका वेळच्या जुन्या ऑइलने दहा लाख गॅलन गोडे पाणी नासू शकते. आपल्या किनाऱ्यावर तर गोड्या पाण्याचे मोल सांगायलाच नको. चोहोबाजूंनी समुद्र असलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, त्यांची नावेच पाहा. त्याच किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तिथे प्रवाळ आहे. व्हाळात टाकलेले ऑइल शेवटी तिथेच जाते.

तेव्हा जुने ऑइल नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यात भरावे. माप बरोबर बसते. त्यात पाणी, पेट्रोल वा ब्रेक ऑइल मिसळू नये. डब्यावर ‘जुने ऑइल’ लिहून तो मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. पुढे तो जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावा आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जाते का, हे विचारावे. शुद्ध करून त्यापासून पुन्हा ऑइल बनवता येते. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते आणि १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा होण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. चुलीत जाळू नये, कुत्र्याच्या खरजेवर लावू नये. हाताला सतत लागले तर कातडीला अपाय होतो, म्हणून हातमोजे घालावेत व नंतर साबणाने हात धुवावेत, पेट्रोलने नव्हे.

वाडीतल्या चार-पाच घरांनी मिळून एकच कॅन ठेवला तर सगळ्यांनाच सोयीचे. आमच्या वाडीत तो आता विहिरीपासून सर्वांत लांबच्या पडवीत असतो. पावसाआधी तो भरतो, आणि काकीच आठवण करते, “कॅन नेलास काय रे?”